डाव्या काखेतला फुलांचा तुकडा

माझ्या आजाराची गोष्ट मला जनाबायच्या ब्लाउजपासून सुरू करावी लागेल. तो ब्लाउज डाव्या बाजूनं ढिला करून मीच दिला होता, दोनदा. केमो, ऑपरेशन, गेलेले केस, हे सगळं मी भेटेल तिला सांगत आले. एवढी एक गोष्ट मात्र गिळून बसले होते. जिच्या छातीत आज गाठ लागलीय आणि जी अजून कुणाजवळ बोललेली नाही, तिच्यासाठी हे लिहितेय. तिचे कपडे शिवणारी जी कोण असेल, तिनंही वाचावं.

जनाबाय

उरणजवळच्या आमच्या गावात मी शिवणकाम करते. नवे कपडे कमी, जुने जास्त. विटलेले ब्लाउज, गुडघ्यावर फाटलेल्या पँटी, पोरांची दप्तरं, बंद तुटलेल्या बाजारपिशव्या. फाटलेल्या जागी नुसतं ठिगळ लावलं तर बायका नाक मुरडतात. तेच ठिगळ बुट्ट्यांच्या नाहीतर फुलांच्या कापडाचं लावलं, कडेनं रंगीत धावदोरा घातला, की त्याच बायका विचारतात, हे कुठं मिळालं गं? माझी धाकटी बहीण नागावला पाहुण्यांसाठी खोल्या चालवते. तिच्याकडचे मुंबईकर माझ्या जुन्या जीन्सच्या पिशव्या हौसेनं घेऊन जातात आणि ठिगळाला पॅचवर्क म्हणतात. म्हणोत बापडे.

जनाबाय आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. तरुणपणी ती आणि माझी सासू एकाच मिठागरावर कामाला होत्या. नवरा लवकर गेला, एक मुलगी, दर्शना. एका दुपारी जनाबाय ब्लाउज घेऊन माझ्या ओटीवर आली. "सुनी, डावीकर काचतंय. जरा ढिला कर ना."

मी फीत काढली. डावा हात वर कर म्हटलं तर तिनं तो खांद्यापर्यंत आणला आणि थांबली. उजव्या बाजूला ब्लाउज बरोबर बसत होता. डाव्या बाजूला मात्र तो ताणलेला होता. हे मला दिसलं. वीस वर्षं मापं घेतेय, न दिसायला काय झालं? आणि मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "काय गो, एकाच बाजूनं जेवतंस काय?"

ती हसली. मीही हसले. शिवण उसवली, आतलं जास्तीचं कापड सोडलं आणि अर्ध्या तासात ब्लाउज तिच्या हातात दिला.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी शिवणीत सोडायला कापड उरलं नव्हतं. माझ्याकडे एका मुलीच्या फ्रॉकमधलं उरलेलं कापड होतं, गडद निळं, त्यावर बारीक पांढरी फुलं. त्याचा तिकोनी तुकडा कापून मी तिच्या डाव्या काखेत बसवला. साध्या करड्या ब्लाउजला तो इतका शोभला की जनाबायनं आरसा मागितला. मला माझ्या कामाचा भारी अभिमान वाटला होता.

पुढच्या शिमग्याला जनाबाय नव्हती. छातीचा कॅन्सर, फार उशीर झाला होता, असं लोक बोलले. तिच्या दारात बायकांच्या घोळक्यात मी बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. कुठली बाजू ते मला माहीत आहे. सगळ्यांच्या आधी मला माहीत होतं.

माझी गाठ

त्यानंतर दोन वर्षांनी, गौरी यायला चार दिवस असताना आंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. डावीकडेच. मी तिथंच बसून राहिले, पाणी गार होईपर्यंत.

कुणी म्हणेल, जनाबायचं झालेलं बघून ही तरी लगेच डॉक्टरकडं पळाली असेल. नाही पळाले. जनाबाय हॉस्पिटलात गेली आणि परत आली नाही, एवढंच माझ्या मनानं धरून ठेवलं होतं. आणखी एक होतं, ते लिहायला लाज वाटते. सासूनं मला तेव्हाच सांगितलं होतं की गेलेल्या माणसाच्या कपड्यातलं उरलेलं कापड घरात ठेवू नकोस, जाळून टाक. मी तिला हसले होते आणि तो निळा तुकडा चिंध्यांच्या पेटीत तसाच ठेवला होता. आता मला वाटायला लागलं की मी गप्प बसले म्हणून हे माझ्याकडं आलं. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण गाठीवर हात ठेवून बसलेल्या बाईला विश्वास लागत नाही, भीती पुरते.

ब्लाउज काचत होताच. दुसऱ्याच दिवशी मी पेटी उघडली आणि तेच निळं कापड घेतलं. हाताशी तेवढंच होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. पेटीत गोणभर चिंध्या होत्या. का घेतलं ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या डाव्या काखेत तिकोनी तुकडा बसवला, कडेनं पांढरा धावदोरा घातला आणि गणपतीच्या कामाला लागले.

मशीन चालायला लागलं की मला जनाबायचा आवाज ऐकू यायचा. जरा ढिला कर ना. पाय थांबवला की आवाज थांबायचा. म्हणून मी त्या दिवसांत कमी शिवलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, पाठ दुखते.

सहा महिने असे काढले. शिमग्याच्या आधी एक दिवस मी साडी बदलत होते आणि सासू मागं येऊन उभी राहिली. माझी सासू पंच्याहत्तरीची, मिठागरात उन्हानं डोळे अधू झालेले, चष्मा लावायला तयार नाही. तिनं माझ्या काखेतल्या तुकड्याला बोट लावलं.

"ह्यो तुकरा जनीचा ना?"

मी पदर ओढून घेतला.

"चल," ती म्हणाली. कुठं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कवापासून

गावच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि मुंबईची चिठ्ठी दिली. माझा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. त्यानं गाडी दुसऱ्याच्या हाती दिली आणि आम्ही तिघं मोरा बंदरातून लाँचनं भाऊच्या धक्क्याला गेलो. तपासण्या झाल्या. आठवडाभरानं पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ठेवला आणि कॅन्सर हा शब्द सरळ उच्चारला. मला तो ऐकू आला, पण दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत असं वाटलं. मी टेबलावरच्या कापडी पिशवीकडं बघत राहिले. तिची शिवण उसवली होती.

"गाठ कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

"दोन महिने," मी म्हटलं.

"खोटा बोलतंय," मागून सासूचा आवाज आला. "गवरीपासून हाय. गवरीचे टायमाला धुनं मीच धुतला. तवाच ह्यो फुलांचा तुकरा व्हता."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याची नजर मी तेव्हा टाळली, अजूनही आठवली की टाळते.

परतीच्या लाँचमध्ये तो पुढं जाऊन उभा राहिला. मी आणि सासू बाकावर. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "गवरीला मी पन बघितला व्हता. वाटला, नवीन फ्याशन असंल. मी पन नाय ईचारला." आणि रडायला लागली. मला तिचा राग यायला हवा होता. पण तिच्याइतकं मला त्या दिवशी दुसरं कुणीच जवळचं वाटलं नाही.

नवरा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "मना सांगाया काय झाला व्हता?" मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

बाकावरच्या बायका

हॉस्पिटलात निम्मा आजार वाट बघण्याचा असतो. नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं, रक्त द्यायला वेगळी रांग, औषधाला वेगळी. पहिल्या दिवशी मी फाईल छातीशी धरून बसले होते आणि समोरच्या बायकांचे ब्लाउज बघत होते. डोळ्यांना सवयच ती.

एकीची डावी शिवण उसवून पुन्हा घातली होती, जुन्या टाक्यांची भोकं ओळीनं दिसत होती. तिच्या शेजारणीच्या काखेत वेगळ्या रंगाचा तुकडा. एका म्हातारीनं हातानंच मोठे मोठे टाके घातले होते. उजवीकडं ढिले केलेले, डावीकडं ढिले केलेले. मला पुढं बघवेना. प्रत्येकीच्या गावात कुणीतरी एक मशीनवाली असणार. तिनं फीत लावली असणार, काहीतरी चेष्टा केली असणार आणि शिवण अर्धा इंच सोडून दिली असणार. आपण सगळ्यांनी मिळून या बायकांना इथपर्यंत आणलं, असं मला वाटलं. मी उठून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

केमोचं लाल औषध चालू असताना पहिल्या दोन खेपांना जनाबाय माझ्या शेजारच्या खुर्चीत असायची. भूतबीत नव्हे. खुर्ची रिकामी होती, ते मला कळत होतं. पण डावा हात अंगापासून जरा लांब धरून बसायची तिची रीत होती ना, तशीच ती बसलेली असायची. काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या खेपेला मी सुईदोरा बरोबर नेला. उलटीच्या भीतीनं हात कशात तरी गुंतलेले हवे होते. शेजारी पेणकडच्या एक बाई होत्या, त्यांच्या फाईलच्या पिशवीचा बंद तुटला होता. मी एका हातात सलाइन, दुसऱ्या हातात सुई, असं करून तो शिवायला घेतला आणि तुटल्या जागेवर लाल चौकड्यांचा तुकडा लावला. सिस्टर धावत आल्या. "इथं सुई? तुम्हाला मी एवढी सुई लावलीय ती पुरे नाही का?" म्हणून ओरडल्या. पुढच्या खेपेला सुई बंद डबीत ठेवायच्या अटीवर त्यांनीच स्वतःची डब्याची पिशवी आणून दिली. सहा खेपांत मी किती पिशव्यांना तुकडे लावले आठवत नाही. तिथं प्रत्येकीची पिशवी फाटलेलीच असते, कारण फाईल रोज जाड होत जाते. फुलांची, कोयऱ्यांची, चौकड्यांची ठिगळं त्या खोलीत फिरायला लागली. बायका लांबून आपली पिशवी ओळखायच्या. काही पिशव्या पुढं दिसेनाशा झाल्या. त्यांचं मी कुणाला विचारलं नाही.

परत येताना लाँच हलायला लागली की पोटातलं सगळं वर यायचं. ओहोटी असली तर मोऱ्याला लाँच लागत नाही, मग भरतीची वाट बघत धक्क्यावर बसायचं. सासू माझ्या टकल्यावर पदर धरून उभी राहायची. ऊन लागेल म्हणायची. मिठागरात आयुष्य काढलेली बाई मला ऊन लागेल म्हणायची.

ओवलेल्या सुया

ऑपरेशन झालं. डावी बाजू गेली. पट्टी सोडली त्या दिवशी मी खाली बघितलं नाही. आठ दिवसांनी बघितलं, शिवण म्हणून बघितलं, तेवढं जमलं. टाके सरळ होते. कुणी का असेना, हात चांगला होता.

डावा हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, भिंतीवर बोटं चालवत न्यायची, रोज थोडी वर. हात जाईल तिथं मी शिंप्याच्या खडूनं भिंतीवर रेघ मारायचे. खांद्यापाशी पहिली रेघ बरेच दिवस एकटीच होती. जनाबायचा हात इथंच थांबला होता, हे रोज आठवायचं.

औषधानं बोटांची टोकं बधिर झाली होती. सुईत दोरा ओवता येईना. मी चिडून सुई फेकली, ती नवऱ्यानं शोधून काढली. दुसऱ्या दिवशी ट्रेलरवर जायच्या आधी त्यानं दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवल्या. या माणसानं जन्मात सुई हातात धरली नव्हती. दोरे सगळे भलत्याच रंगांचे, गाठी भोपळ्याएवढ्या. आम्ही अजून त्या गप्प बसण्याबद्दल नीट बोललो नव्हतो. आजही बोललेलो नाही. पण ट्रेलरच्या प्रत्येक खेपेला निघायच्या आधी तो दहा सुया ओवतो, आणि मी त्या संपवते.

दर्शना

ऑपरेशनला वर्ष झालं आणि दर्शना माझ्या ओटीवर आली. जनाबायची मुलगी. आता कंटेनर यार्डातल्या एका ऑफिसात नोकरीला आहे, सकाळी कंपनीच्या बसनं जाते. तिच्या हातात गाठोडं होतं.

"मावशी, आईच्या कपड्यांची एक पिशवी करून दे ना. ऑफिसला न्यायला. नुसते पडून आहेत, टाकवत पण नाहीत."

तिनं गाठोडं सोडलं. दोन साड्या आणि वर तो करडा ब्लाउज. मी हात मागं घेतला.

"आणि हा फुलांचा पीस पुढं लाव, दिसेल असा," दर्शना म्हणाली. "आईला एवढा आवडायचा, तुला सांगते. येईल त्या बाईला हात वर करून दाखवायची. बघा, सुनीनं काय लावलाय."

तिला हात वर करता येत नव्हता. माप घेतानाच येत नव्हता. तरी ती तो वर नेऊन माझं काम दाखवत होती.

मला गप्प बसता आलं असतं. पिशवी शिवून दिली असती, मुलगी खूश झाली असती, कुणाला काही कळलं नसतं. मी म्हटलं, "बस जरा." आणि सांगितलं. डावी बाजू, न उठणारा हात, दोनदा सोडलेली शिवण. चेष्टासुद्धा सांगितली, शब्द न बदलता.

दर्शना ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुला दिसलं होतं?"

"दिसला व्हता."

"आणि तू हसलीस."

"हसली."

"मग तू विचारलं असतंस तर?"

याच प्रश्नाला मी चार वर्षं घाबरत होते. "म्हाईत नाय," मी म्हटलं. "कदाचित काय झाला नसता. कदाचित ती आज हितं असती."

तिनं गाठोडं बांधायला घेतलं. गाठ बसेना. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "नको." आणि गेली. त्यानंतर रस्त्यात भेटली तरी बघायची नाही. तिचं बरोबर होतं. मी सासूला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "आता तरी जनी निजंल."

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी दर्शना पुन्हा आली. गाठोडं मशीनवर ठेवलं आणि उभीच राहिली.

"मी गेलेले तपासायला," ती म्हणाली. "आईला होतं म्हणून मला पण बघून घ्यायला सांगितलेलं डॉक्टरनी, तेव्हाच. मी चार वर्षं गेलीच नव्हती. काय नाय निघालं."

मला रडू आलं. ती रडली नाही.

"तुझा राग हाय मला अजून. जाईल का म्हाईत नाय. पिशवी कर."

त्या दुपारी नवऱ्यानं ओवलेल्या सुयांपैकी एक घेऊन मी जनाबायच्या ब्लाउजवरचे माझेच टाके उसवले. ब्लाउज धुवून धुवून विटला होता, तुकडाही बाहेरून फिका पडला होता. पण शिवणीत मुडपलेल्या कडेला कापड अजून तसंच गडद निळं होतं, फुलं पांढरीशुभ्र. मी तेवढी कड बराच वेळ बोटाखाली धरून बसले. बोटांना काही कळत नाही, तरी धरली. मग मशीन सुरू केलं. जनाबायचा आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकलं, तरी आला नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि एकटंही वाटलं.

आता माप घ्यायच्या आधी मी विचारते. काचतंय ते कुठं, कवापासून, हाताला काही लागतं का. बायका लाजतात, काही चिडतात. दोघी तिघी दुसरीकडं शिवायला जायला लागल्या. एक जण मात्र न बोलता रडायला लागली, तिला घेऊन मी त्याच आठवड्यात लाँचनं गेले. माझं स्वतःचं सांगायचं तर दर काही महिन्यांनी तपासणी असते आणि तिच्या आधीचे आठ दिवस मला झोप नसते.

दर्शनाची पिशवी झकास झाली. साड्यांच्या काठांचा चौकोन, मधोमध निळी फुलं, तिनं सांगितली तशी समोर. एका गोष्टीचा मी विचार केला नव्हता. बंद आखूड झाला, आणि ती पिशवी डाव्या खांद्याला लावते. फुलांचा तुकडा पुन्हा काखेतच येतो.

सकाळी बसला जाताना ती आमच्या ओटीसमोरून जाते. पहिले काही दिवस मान खाली घालून जायची. परवा थांबली. माझ्याकडं बघितलं आणि डावा हात पुरता डोक्यावर नेला, तुकडा दिसेल असा. मीही माझा डावा हात वर केला. तो भिंतीवरच्या चौथ्या रेघेइतका वर गेला.